आतड्याची कळी घातलेली लघवीची पिशवी

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास मी दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो. एवढ्यात एक बाई सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला रिक्षातून घेऊन आल्या. मुलाच्या दोन्ही पायांना कॅलिपर होते. तक्रार साधीच वाटली. सकाळपासून पोट दुखते, दोन उलट्या झाल्या, अंग कसकसते. आदल्या दिवशी मित्रांबरोबर गाड्यावरची भजी खाल्लेली. ताप १०१, नाडी १२०. पोट थोडे फुगलेले होते, पण दाबून पाहिले तेव्हा तो फारसा विव्हळला नाही. पावसाळ्यात असे दहा रुग्ण रोज येतात. मी उलटी आणि पित्ताचे इंजेक्शन भरायला घेतले.

तेवढ्यात आईने पिशवीतून प्लास्टिकमध्ये बंद केलेले एक कार्ड काढले. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आपरेशन झालं तवा मोठ्या डॉक्टरांनी हे दिलं व्हतं. याच्या पोटात दुखलं तर कुणालाबी आधी हे दाखवा म्हनले व्हते."

कार्डावर लिहिले होते की या मुलाचे मूत्राशय आतड्याचा तुकडा लावून मोठे केलेले आहे. पोटदुखी, उलटी, ताप किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही झाले तर मूत्राशय फुटल्याची शंका सर्वांत आधी घ्यावी, नळी घालून ठेवावी आणि रुग्णाला ताबडतोब पाठवावे.

भरलेले इंजेक्शन मी ट्रेमध्ये ठेवून दिले. मुलाला विचारले, "नळीने लघवी शेवटची कधी काढलीस?" तो खाली बघत म्हणाला, "काल सकाळी घरून निघताना. मग रात्री आल्यावर. आज काढायला गेलो तर थोडीच आली." नळी घालून पाहिली तर जेमतेम अर्धा कप लालसर, गढूळ लघवी निघाली. नळी तशीच ठेवून चिकटपट्टीने पक्की केली, सलाइन लावले, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली आणि जिथे मूत्रविकारतज्ज्ञ आहेत अशा रुग्णालयात त्याला पाठवले. पहाटे पोट उघडले तेव्हा आतड्याच्या जोडलेल्या भागाला छिद्र पडून लघवी पोटात पसरलेली आढळली. मुलगा वाचला.

त्या आईने कार्ड जपून ठेवले नसते, तर मी त्याला गोळ्या देऊन घरी पाठवले असते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. म्हणूनच आजच्या लेखासाठी हा विषय निवडला. ही शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते, पण रुग्ण राहतो आपल्या गावात. अडचण आली की तो आपल्याच दवाखान्यात येतो. तेव्हा ती काय आहे हे रुग्णाच्या घरच्यांनी आणि आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांनीही समजून घ्यायला हवे.

पिशवीचे खरे काम

मूत्रपिंडांत म्हणजे किडनीत लघवी रात्रंदिवस थेंबाथेंबाने तयार होत असते. ती दोन मूत्रवाहिन्यांतून ओटीपोटातल्या मूत्राशयात उतरते. मूत्राशय ही स्नायूची पिशवी आहे. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. मुलांसाठी एक सोपा हिशेब आहे. मुलाच्या वयात १ मिळवावा आणि येणाऱ्या आकड्याला ३० ने गुणावे. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाच्या पिशवीत सुमारे ३६० मिलिलिटर मावायला हवे.

पण किती मावते एवढाच प्रश्न नाही. भरताना आतला दाब किती राहतो, हे अधिक महत्त्वाचे आहे. निरोगी पिशवी भरत जाते तशी सैल होत जाते, त्यामुळे आतला दाब वाढत नाही. पिशवी कडक किंवा आकसलेली असेल तर थोड्याच लघवीने दाब चढतो. तो पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या वर वरचेवर राहू लागला की वरून येणाऱ्या लघवीला खाली उतरता येत नाही. मूत्रवाहिन्या फुगतात, लघवी उलटी वर चढते, जंतुसंसर्ग होतो आणि किडन्या हळूहळू निकामी होतात. हे सर्व न दुखता घडते. घरच्यांना फक्त मुलाची चड्डी सतत ओली दिसते. आत किडनी चालली आहे हे कोणाच्याही लक्षात येत नाही.

म्हणून पिशवी मोठी करण्याच्या शस्त्रक्रियेचा पहिला उद्देश किडन्या वाचवणे हा आहे. कपडे कोरडे राहणे हा दुसरा फायदा, आणि तोही काही लहान नव्हे.

पिशवी लहान का राहते किंवा का होते

आपल्याकडे मुख्यतः दोन कारणे दिसतात. पहिले जन्मजात. गर्भात पाठीच्या कण्याची नळी पूर्ण मिटत नाही आणि बाळ पाठीवर गाठ घेऊन जन्माला येते. याला स्पायना बायफिडा म्हणतात. गाठीची शस्त्रक्रिया होते, पण मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा दुबळ्याच राहतात. पिशवी वेळी-अवेळी आकुंचन पावते आणि तिचे तोंड मात्र नीट उघडत नाही. बंद दारावर सतत धक्के मारावेत तसे हे होते. पिशवीची भिंत जाड आणि कडक होत जाते. वर सांगितलेला मुलगा असाच. अकराव्या वर्षी त्याच्या पिशवीत ३६० ऐवजी ९० मिलिलिटर लघवीही नीट मावत नव्हती आणि दोन्ही किडन्या फुगलेल्या होत्या. अपघातात मज्जारज्जूला इजा झालेल्या प्रौढांचीही अशीच गत होऊ शकते.

दुसरे कारण क्षयरोग. टीबी म्हटले की आपल्याला खोकलाच आठवतो. पण क्षयाचे जंतू रक्तातून किडनीत बसतात आणि तिथून मूत्राशयात उतरतात. पिशवीच्या भिंतीत जखमा होतात, त्या भरताना भिंत आकसते. शेवटी शिंपी सुई टोचू नये म्हणून बोटात घालतो त्या टोपणाएवढी पिशवी उरते, असे जुन्या डॉक्टरांचे वर्णन आहे.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. बारा-तेरा वर्षांपूर्वी विड्या वळणाऱ्या एक बाई माझ्याकडे येत. दर अर्ध्या तासाला लघवीला जावे लागे, जळजळ होई, रात्रीची झोप नाही. "उन्हाळे लागलेत" असे त्या म्हणत आणि मीही तेच धरून तीन वेळा प्रतिजैविके दिली. लघवीच्या तपासणीत पूपेशी भरपूर, पण कल्चरमध्ये जंतू वाढत नव्हते. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की क्षयाचा विचार करावा, हे मी विद्यार्थिदशेत शिकलो होतो. तरी तो मनात यायला सात-आठ महिने गेले. सहा महिन्यांच्या औषधांनी क्षय बरा झाला. पण आकसलेली पिशवी औषधाने परत मोठी होत नाही. त्यांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. आज लघवीतील क्षयाचे जंतू ओळखण्यासाठी सीबी-नॅट तपासणी आहे आणि क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वारंवार लघवी होण्याची तक्रार एक-दोन औषधांनी गेली नाही, तर तपासणीचा आग्रह रुग्णानेही धरावा.

आधी सोपे उपाय

पिशवी लहान आहे म्हणजे लगेच आतडे कापायचे, असे नाही. मज्जातंतूंच्या दोषामुळे बिघडलेल्या पिशवीला आधी औषध दिले जाते. ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्यांनी तिचे अवेळी आकुंचन कमी होते. त्याच्या जोडीला दर तीन-चार तासांनी नळी घालून पिशवी रिकामी करायची. ही नळी कायम ठेवायची नसते. घालायची, लघवी काढायची आणि नळी बाहेर काढायची.

या पद्धतीमागचा विचार अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली मांडला. तोवर नळी म्हणजे पूर्ण निर्जंतुक व्यवस्था हवी, असा समज होता. लॅपिडिस म्हणाले, थोडे जंतू गेल्याने फारसे बिघडत नाही. तुंबलेल्या आणि ताणलेल्या पिशवीने बिघडते. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी एवढे पुरे, पण वेळ चुकवायची नाही. या एका विचाराने जगभर असंख्य मुलांच्या किडन्या वाचल्या.

एवढ्याने भागले नाही तर दुर्बिणीतून मूत्राशयाच्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने देतात. त्याचा परिणाम काही महिने टिकतो आणि ती पुन्हा द्यावी लागतात. हेही अपुरे पडले, किंवा क्षयाप्रमाणे पिशवीची भिंतच आकसून गेली असेल, तर मग शस्त्रक्रियेचा विचार होतो.

शस्त्रक्रिया कशी करतात

आतड्याचा असा उपयोग करण्याची कल्पना नवी नाही. टिझोनी आणि फोगी यांनी १८८८ साली कुत्र्यांवर हा प्रयोग केला होता. क्षयाने आकसलेल्या पिशवीसाठी ती माणसांत रुजवण्याचे श्रेय १९५० च्या सुमारास फ्रान्समधील डॉ. कुव्हलेअर यांच्याकडे जाते.

आतडेच का? कारण ते लवचीक असते, ताणले जाते, रुग्णाचे स्वतःचे असल्याने शरीर ते नाकारत नाही आणि आपल्याकडे ते पुरेसे असते. लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. त्यातले साधारण २० ते ३० सेंटिमीटर काढले तर बहुतेकांच्या पचनात मोठा फरक पडत नाही.

आपल्याकडे झब्बा काखेत आवळू लागला की शिंपी कळी घालतो. ही शस्त्रक्रियाही कळी घालण्यासारखीच आहे. तिचे टप्पे असे.

पहिला टप्पा तुकडा निवडण्याचा. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला इलियम म्हणतात. त्यातला तुकडा घेतात, पण मोठ्या आतड्याला जोडणारा अगदी शेवटचा १५ ते २० सेंटिमीटर भाग मुद्दाम सोडतात. ब-१२ जीवनसत्त्व तिथेच शोषले जाते. तुकडा दोन्ही बाजूंनी कापतात, पण त्याला रक्त पुरवणारा पडदा आणि रक्तवाहिन्या तशाच जोडलेल्या ठेवतात. म्हणजे तुकडा वेगळा होऊनही जिवंत राहतो. उरलेल्या आतड्याची दोन टोके पुन्हा शिवून टाकतात आणि अन्नाचा मार्ग पूर्वीसारखा सुरू होतो.

दुसरा टप्पा नळी उघडण्याचा. आतड्याचा तुकडा नळीच्या आकाराचाच जोडला तर तो आतड्याच्या सवयीने लाटा मारीत राहील आणि दाब पुन्हा चढेल. म्हणून तो लांबीच्या रेषेत उभा चिरून सपाट करतात, इंग्रजी यू अक्षरासारखा दुमडतात आणि कडा शिवून त्याची वाटी करतात. चिरून दुमडल्यामुळे लाटांचा जोर मोडतो आणि तेवढ्याच आतड्यात जास्त लघवी मावते.

तिसरा टप्पा जोडण्याचा. मूत्राशय पुढून मागे असे उभे कापून शिंपल्यासारखे उघडतात आणि ती वाटी त्याच्या कडांना चारी बाजूंनी शिवतात. शिवण सर्वत्र विरघळणाऱ्या धाग्याची असते, कारण न विरघळणारा धागा लघवीत राहिला तर त्याभोवती खडा जमतो.

शस्त्रक्रिया चार-पाच तास किंवा अधिकही चालते. नंतर आतडे चालू होईपर्यंत तोंडाने काही देत नाहीत. मूत्राशयातील नळी सुमारे तीन आठवडे ठेवतात, औषध सोडून एक्स-रे काढतात आणि शिवण गळत नाही याची खात्री झाल्यावरच ती काढतात. आता काही मोठ्या केंद्रांत हेच काम दुर्बिणीने किंवा रोबोटच्या साहाय्यानेही होते. तत्त्व मात्र तेच.

काही रुग्णांत मोठ्या आतड्याचा तुकडा वापरतात. पूर्वी जठराचा तुकडाही वापरीत, पण जठर आम्ल सोडीत राहते आणि लघवीला आग होते, रक्त जाते. म्हणून तो मार्ग आता क्वचितच वापरतात. एखाद्या मुलाची मूत्रवाहिनी खूप फुगलेली असेल आणि त्या बाजूची किडनी निकामी असेल, तर त्या मूत्रवाहिनीचेच कापड वापरता येते. ते सर्वांत चांगले, कारण ती मूळची लघवीचीच वाट आहे.

आमच्या या मुलाला आणखी एक सोय करून दिली होती. कमरेला बाक असलेल्या किंवा चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलांना खालून नळी घालणे अवघड जाते. अशांच्या आंत्रपुच्छाचे, म्हणजे अपेंडिक्सचे, एक टोक मूत्राशयात आणि दुसरे बेंबीत आणून जोडतात. बेंबीतल्या त्या बारीक छिद्रातून नळी घालता येते आणि लघवी बाहेर गळत नाही. फ्रान्सचे डॉ. पॉल मित्रोफानॉफ यांनी १९८० साली ही युक्ती प्रसिद्ध केली.

आतडे जागा बदलते, स्वभाव बदलत नाही

विडी वळणाऱ्या त्या बाईंनी मला विचारले होते, "आतडं लावल्यावर लघवीतनं घाण येईल का हो?" शंका रास्त होती. उत्तर नाही असे आहे. तुकडा अन्नाच्या मार्गातून पूर्ण वेगळा केलेला असतो. पण आतडे लघवीच्या पिशवीत बसले तरी आतड्यासारखेच वागते. या शस्त्रक्रियेनंतरच्या बहुतेक अडचणी या एका वाक्यातून समजतात.

आतडे बुळबुळीत स्राव सोडते. लघवीत पांढरट, शेंबडासारखे धागे दिसतात. ते पू नव्हेत. पण साचले तर नळी तुंबते आणि खडे होतात. म्हणून पिशवी नियमित धुवावी लागते. सिरिंजने सलाइन आत सोडायचे आणि परत ओढायचे, पाणी स्वच्छ येईपर्यंत. सुरुवातीला दिवसातून अनेकदा, पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे.

आतडे शोषून घेते. लघवीतून बाहेर जायला हवे असलेले आम्ल आणि क्षार काही प्रमाणात पुन्हा रक्तात जातात. रक्तातील आम्लता वाढते. थकवा, भूक मंदावणे, मुलाची वाढ खुंटणे, हाडे ठिसूळ होणे ही त्याची फळे. तपासणीत बायकार्बोनेट कमी आढळले तर सोडाबायकार्बच्या गोळ्यांनी हे आटोक्यात राहते. किडन्या आधीच फार बिघडलेल्या असतील तर हा भार त्यांना पेलत नाही. म्हणून तशा रुग्णांत शस्त्रक्रिया टाळावी लागते.

आतड्याला नैसर्गिक आकुंचनाने लघवी बाहेर ढकलता येत नाही. मोठी झालेली पिशवी साठवते चांगले, रिकामी मात्र आपोआप होत नाही. मज्जातंतूंचा दोष असलेल्या जवळजवळ सर्वांना नळी जन्मभर घालावी लागते. क्षयासारख्या कारणाने शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण जोर करून स्वतः लघवी करू शकतात. त्या बाई दर तीन तासांनी घड्याळ पाहून जातात आणि त्यांचे ठीक चालले आहे. पण नळी घालायची तयारी असल्याशिवाय ही शस्त्रक्रिया कोणीही करून घेऊ नये. चांगले डॉक्टर आधी काही आठवडे नळी घालायला शिकवतात आणि ते जमले तरच तारीख देतात. रुग्णाला वाटते डॉक्टर टाळताहेत. तसे नसते.

आतड्याचा तो भाग पातळ असतो. वेळेवर रिकामा केला नाही तर तो ताणतो, रक्तपुरवठा कमी पडतो आणि फुटतो. हे वारंवार होत नाही, पण झाले तर जिवावर बेतते. आणि स्पायना बायफिडाच्या मुलांना ओटीपोटाची जाणीव कमी असल्याने दुखणे पुरेसे तीव्र वाटत नाही. माझा हात पोटावर असताना तो मुलगा विव्हळला नाही, त्याचे कारण हेच.

शेवटी कर्करोगाचा प्रश्न. अशा पिशवीत बऱ्याच वर्षांनी गाठ होण्याची शक्यता थोडी असते. घाबरून शस्त्रक्रिया नाकारण्याइतकी ती नाही, पण लघवीत रक्त दिसले किंवा संसर्ग एकसारखा होऊ लागला, तर दुर्बिणीने आत पाहून घ्यावे.

घरी काय सांभाळावे

१. नळीची वेळ घड्याळावर ठरवावी, जाणिवेवर नाही. साधारण तीन ते चार तास. पिशवी भरल्याचे कळत नाही म्हणून गजर लावावा. रात्रीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.

२. हात साबणाने धुवावेत. स्पायना बायफिडाच्या मुलांना रबराची म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी होण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी लॅटेक्स नसलेली नळी आणि हातमोजे मागावेत.

३. पिशवी धुणे चुकवू नये. पाणी भरपूर प्यावे.

४. वर्षातून एकदा सोनोग्राफी, क्रिएटिनिन, रक्तातील क्षार आणि बायकार्बोनेट तपासावे. ब-१२ चा साठा शरीरात काही वर्षे पुरतो, म्हणून कमतरता उशिरा उघडी पडते. ती तपासणीही पुढे दरवर्षी करावी.

५. मुलगी असेल तर तिचे लग्न, गरोदरपण होऊ शकते. मात्र प्रसूती मूत्रविकारतज्ज्ञ जवळ असलेल्या ठिकाणी व्हावी, कारण पोटाची शस्त्रक्रिया करायची झाल्यास आतड्याच्या वाटीला जाणारी रक्तवाहिनी सांभाळावी लागते.

६. कोणती शस्त्रक्रिया झाली हे लिहिलेले कार्ड सतत जवळ असावे.

माझ्या डॉक्टर मित्रांसाठी

नळी वापरणाऱ्या या रुग्णांच्या लघवीत जंतू जवळजवळ नेहमीच आढळतात. अहवालात जंतू दिसले म्हणून प्रतिजैविक लिहू नये. ताप, दुखणे, नव्याने गळणे अशी लक्षणे असतील तरच उपचार करावा. नाहीतर पुढे खऱ्या संसर्गाच्या वेळी कोणतेच औषध लागू पडत नाही.

आणि पोट दुखत असेल, फुगले असेल, खांद्यात कळ येत असेल, नळीतून लघवी कमी येत असेल, तर पित्त आणि गॅस यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. नळी घालून उघडी ठेवावी, तोंडाने काही देऊ नये, शिरेतून सलाइन आणि प्रतिजैविक सुरू करावे आणि पाठवावे. सोनोग्राफी किंवा साधा एक्स-रे ठीक आला म्हणून थांबू नये. पिशवीत औषध भरून केलेला सीटी स्कॅन त्याहून खात्रीचा. पोटात आतड्यांची गुंतागुंत होऊन अडथळाही येऊ शकतो. तोही इथे थांबून बरा होणारा नसतो.

नवे काही?

रुग्णाच्या स्वतःच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून मूत्राशयाचे कापड तयार करण्याचा प्रयत्न अमेरिकेत डॉ. अँथनी अटाला यांनी केला. स्पायना बायफिडाच्या सात रुग्णांवरील त्यांचे काम २००६ साली प्रसिद्ध झाले आणि मोठी आशा निर्माण झाली. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील चाचणीत मुलांच्या पिशवीची क्षमता आणि लवचीकता अपेक्षेप्रमाणे सुधारली नाही. त्यामुळे वर्तमानपत्रात "कृत्रिम मूत्राशय" वाचून शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. किडनी तोवर वाट पाहत नाही.

मूळ आजार टाळण्याचा एक उपाय मात्र स्वस्त आणि सिद्ध झालेला आहे. फोलिक ॲसिडने हा जन्मदोष बऱ्याच प्रमाणात टळतो, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ सालच्या चाचणीने दाखवले. मूल होण्याचा विचार असलेल्या प्रत्येक स्त्रीने गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने रोज ०.४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावे. आधीच्या बाळाला हा दोष असेल तर मात्रा दहापट लागते, ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. पाळी चुकल्यावर गोळी सुरू केली तर बहुधा उशीर झालेला असतो, कारण कण्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत मिटते.

पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या बाळाची नोंद राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात करून घ्यावी. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी शासकीय योजनेत असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. आणि गाठीची शस्त्रक्रिया झाली की काम संपले असे समजू नये. बाळाच्या लघवीकडे पहिल्या महिन्यापासून लक्ष हवे.

शेवटचे महत्त्वाचे

तो मुलगा बरा होऊन भेटायला आला, तेव्हा मी त्याला रागावलो. "अरे, सहा वर्षं नीट सांभाळलंस, मग आताच नळी का चुकवलीस?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, शाळेत बाईंनी त्यांच्या खोलीची किल्ली दिली होती. कॉलेजात मुलांच्या मुतारीला दारच नाही. बेंबीत नळी घालताना सगळे बघतात. म्हणून सकाळी काढून जायचो ते घरी येऊनच." दिवसभर पाणीही तो पीत नसे.

मी रागावल्याची मला लाज वाटली. चार-पाच तासांची अवघड शस्त्रक्रिया, तज्ज्ञांचे कौशल्य, आईची सहा वर्षांची मेहनत, आणि हे सारे एका दाराच्या कडीवाचून वाया जाणार होते. दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना पत्र लिहिले. त्यांनी कार्यालयाजवळचे एक स्वच्छतागृह त्याला दिले, आत एक स्टूल आणि साबण ठेवला. खर्च काही आला नाही. आजवर कोणी सांगितलेच नव्हते, एवढेच.

हा लेख वाचणाऱ्या शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. तुमच्या शाळेत असा एखादा विद्यार्थी असेल तर त्याला कडी असलेली एक स्वच्छ जागा आणि दर तीन तासांनी दहा मिनिटे द्या. वर्गात कारण विचारू नका. आणि पालकांनी संकोच न करता शाळेत जाऊन हे आधीच सांगावे. तो मुलगा आता शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात त्याचे क्रिएटिनिन ठीक आले.